बेअर्डेड ड्रॅगन पाळलाय का कोणी? खाणं बंद, सारखा उकरतोय

वरणभात
नमस्कार मंडळी, कुत्र्या-मांजरांचे धागे इथे पुष्कळ आहेत पण हा प्राणी वेगळा आहे म्हणून नवीन धागा काढतेय. आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवऱ्याच्या ऑफिसमधलं एक कुटुंब दिवाळीच्या सुमारास दुसऱ्या राज्यात गेलं, नवीन अपार्टमेंटमध्ये प्राणी चालत नाहीत म्हणून त्यांचा बेअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) टाकी, दिवे, डबे सगळ्यासकट आमच्याकडे आला. वय साधारण दोन वर्षं. लेकीने नाव ठेवलंय बाजीराव. आल्यापासून छान होता, भोपळा खायचा, झुरळं दिसली की तुटून पडायचा (हो, शुद्ध शाकाहारी घरात आता डब्यातून झुरळं विकत येतात, पुढचं विचारू नका). पण सध्या पानाला तोंड लावत नाही, झुरळं समोरून चालत जातात तरी बघत बसतो, आणि दिवसभर टाकीच्या एका कोपऱ्यात पंजांनी उकरत असतो. खाली कार्पेट आहे त्यामुळे उकरून काहीच होत नाही तरी चालूच. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्यांचं म्हणणं तिकडे सरडा दिसला की हाकलतात आणि तुम्ही त्याला दिव्याखाली बसवून भोपळा किसून घालताय, मग त्याला माजच येणार. कोणाला अनुभव आहे का?

लीड्सचा_बंड्या
आमच्याकडे आहे, सहा वर्षांचा. ताई घाबरू नका, थंडीत मोठे ड्रॅगन ब्रुमेशनमध्ये जातात म्हणजे अर्धवट हिवाळी झोप. खाणं कमी होतं, गुहेत जाऊन पडतात, काही काही तर कित्येक आठवडे डोळे उघडत नाहीत. आमचा नोव्हेंबरात झोपला की मधेच उठून पाणी पितो, आमच्याकडे तुच्छतेने बघतो आणि परत झोपतो. वर्षाच्या आतलं पिल्लू असेल तर मात्र ब्रुमेशन समजून गप्प बसू नये.

रानवारा
बंड्याभाऊ, ब्रुमेशनमधला प्राणी मंदावतो हो, दिवसभर उकरत नाही बसत. मी टेक्सासमध्ये प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, त्यामुळे माझं बोलणं म्हणजे निदान नव्हे. पण वरणभात, आधी हे सांगा:
दिवे कोणते आहेत, किती जुने, आणि जाळीच्या वर आहेत की आत?
बसायच्या फांदीवर तापमान किती, आणि ते कशाने मोजलंय?
वजन किती? आधी कधी केलं होतं का?
शी शेवटची कधी आणि कशी?
आणि बाजीराव हा बाजीरावच आहे हे कोणी तपासलंय का? 🙂

वरणभात
शेवटच्या प्रश्नाने घरात गोंधळ उडाला. कोणी तपासलेलं नाही.
दिवे दोन आहेत, एक साधा गरम होणारा आणि एक छोटा गुंडाळीसारखा सीएफएल टाईप, त्यावर यूव्हीबी लिहिलंय, किती जुना ते त्यांनाही आठवत नाही. दोन्ही जाळीच्या वर. तापमान टाकीला चिकटवलेल्या काट्याच्या गोल मीटरवर ९० फॅरनहाईट दाखवतं. वजन आज केलं, ४३० ग्रॅम, आधीचं माहीत नाही. टाकी खिडकीजवळ ठेवलीय म्हणजे ऊन पण मिळतं.

रानवारा
ठीक आहे, एकेक घेऊ, थोडं लांबेल.

खिडकीच्या उन्हाचा यूव्हीबीसाठी, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांसाठी, शून्य उपयोग, काच ते अडवते. वर काचेच्या टाकीवर थेट ऊन आलं तर आत भट्टी होते, त्यामुळे टाकी तिथून हलवाच. यूव्हीबी एवढं महत्त्वाचं का, तर त्याशिवाय कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, डी३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून शोषलं जात नाही, मग शरीर ते हाडांतून काढायला लागतं. जबडा रबरासारखा मऊ होतो, बोटं थरथरतात, पाय वाकतात. दवाखान्यात आमच्याकडे जे ड्रॅगन येतात त्यांच्यात ही हाडांची केस नेहमीची, आणि मालक शपथेवर सांगतात की आम्ही रोज कॅल्शियम पावडर घालतो हो. घालत असतातही. दिवाच चुकीचा असतो.

गुंडाळीवाला दिवा छोट्याशा जागेवरच पडतो आणि लांबवर पोचत नाही. सरळ नळीवाला टी५ हाय आउटपुट घ्या, १० ते १२ टक्के यूव्हीबीचा, टाकीच्या निम्म्याहून जास्त लांबीचा, आणि तो गरम दिव्याच्या बाजूलाच लावा म्हणजे ऊब आणि यूव्ही एकाच जागी मिळेल, उन्हात मिळतं तसं. जाळीवर ठेवलात तर जाळी बराचसा यूव्हीबी खाते, तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त, मग फांदी थोडी वर घ्यावी लागते. किती अंतर ते कंपनीच्या तक्त्यात असतं. आणि नळी दिसायला लख्ख पेटत असली तरी आतला यूव्हीबी हळूहळू संपतो, वर्षभरात बदलायचीच. नळीवर मार्करने तारीख टाकून ठेवा.

कांगारूकर
+१. तो चिकटवायचा मीटर काढून फेका. तो काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतो, सरडा बसतो त्या दगडाचं नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर गन स्वस्तात मिळते, नेम धरून बसायची जागा मोजा. पृष्ठभाग ३८ ते ४२ सेल्सियस पाहिजे, तुमच्या भाषेत १०० ते १०७. दुसरं टोक २५ च्या आसपास. रात्री घर १८ च्या खाली जात नसेल तर काहीही लावू नका, लाल निळे रात्रीचे बल्ब तर नकोच, त्यांना ते दिसतात आणि झोपमोड होते. गरम होणारे दगड मिळतात दुकानात, ते पण नकोत. खालून येणाऱ्या उष्णतेचा त्यांना नीट अंदाज येत नाही, पोट भाजेपर्यंत बसून राहतात.

मी सिडनीत असतो. इथे न्यू साऊथ वेल्समध्ये स्वतःच्याच देशातला हा सरडा पाळायला लायसन्स लागतं, आणि तुमच्याकडे अमेरिकेत दुकानात जाऊन उचलून आणतात, ही गंमत मला कायम वाटते. ऑस्ट्रेलियातून यांची निर्यात कित्येक दशकं बंद आहे, तुमच्याकडचे सगळे पिंजऱ्यातच जन्मलेल्यांच्या पोटचे. आत वाळवंटी भागात गाडीने गेलं की हे महाशय शेताच्या कुंपणाच्या खांबावर ऊन खात बसलेले दिसतात. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ती इथे अक्षरशः खरी आहे.

लीड्सचा_बंड्या
🤣 कुंपण भारी.
मी एक भर घालतो, अंघोळ. आम्ही आठवड्यातून दोनदा कोमट पाण्यात ठेवतो, मागच्या बाजूने पाणी शोषून घेतात म्हणे.

रानवारा
हे सगळीकडे लिहिलेलं असतं पण तसं शोषून घेत नाहीत. टबात तोंडाने प्यायला तर पोटात जातं, एवढंच. शी अडकली असेल किंवा पाण्यात त्याला मजा येत असेल तर घाला अंघोळ, पण घाबरून दाढी काळी करून बाहेर यायला धडपडत असेल तर त्याला कशाला त्रास. भाजीची पानं ओली करून द्या, नाकावर ड्रॉपरने थेंब सोडा, चाटून पितात. कात टाकताना सुटलेले पापुद्रे ओढू नका, बोटांच्या आणि शेपटीच्या टोकाशी अडकलेत का तेवढं बघा, तिथे ते आवळून रक्तपुरवठा बंद होऊ शकतो.

झेंडूची_फुलं
अवांतर होतंय पण विचारते. हे चावत नाहीत का? आणि घरात लहान बाळ असेल तर? माझा भाऊ घेऊ म्हणतोय, त्याचा मुलगा दीड वर्षांचा आहे.

रानवारा
चावायची भीती नाही हो, सहसा अगदी गरीब असतात. भीती साल्मोनेला या जिवाणूची. ठणठणीत ड्रॅगनच्याही आतड्यात तो असू शकतो, शीतून अंगावर, टाकीवर, हातावर येतो. अमेरिकेत सीडीसीने (सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) बेअर्डेड ड्रॅगनमुळे झालेल्या साथींची नोंद केलीय, २०१४ ची साल्मोनेला कॉथमची साथ तर बऱ्यापैकी गाजली, आणि आजारी पडलेल्यांत लहान मुलं बरीच होती. पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांच्या घरात सरपटणारा प्राणी नको असाच सल्ला असतो. भावाला सांगा अजून चार वर्षं थांब.

वरणभात, तुमच्या सासूबाई आहेत म्हणून तुम्हालाही सांगते. त्याची भांडी किचनच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, ओट्यावर सोडायचं नाही, पापे घ्यायचे नाहीत, हात लावला की साबणाने धुवायचे. वजन करायला वेगळा काटा.

वरणभात
अरे देवा, वजन आज पोळ्यांच्या कणकेच्या काट्यावर केलं. काटा आता त्यालाच देऊन टाकला.
फोटो टाकलेत बघा, पोटाचा आणि शेपटीच्या मुळाचा.

रानवारा
टॉर्च शेपटीखाली धरून पाठीकडून बघितलं तर नराला दोन्ही कडांना दोन उंचवटे दिसतात, मधे खाच. तुमच्या फोटोत मधोमध एकच फुगवटा आहे तोही पुसट, आणि मांड्यांच्या आतल्या बाजूची छिद्रं अगदी बारीक आहेत. मला तरी मस्तानी वाटतेय. आणि पोट दोन्ही बाजूंनी गाठाळ फुगलंय.

अंडी असण्याची दाट शक्यता आहे. नर कधी बघितला नसला तरी मादी अंडी घालते, कोंबडीसारखीच, फक्त ती फलित नसतात. खाणं सोडणं, येरझाऱ्या, उकरणं सगळं जुळतं. आता अडचण अशी की तिला पुरायला जागा मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते आणि अडकली तर जिवावर बेतू शकतं. तेव्हा दोन गोष्टी आजच. एक, उकरायचा डबा. मोठा प्लास्टिकचा खोका, ती आत पूर्ण वळू शकेल एवढा, त्यात खेळायची वाळू आणि खत न घातलेली साधी माती मिसळून वीतभर उंच भरा, पाणी घालून एवढी ओली करा की बोगदा केला तर ढासळणार नाही. उबदार जागी ठेवा आणि वरून चादर टाकून आडोसा करा, कोणी बघत असलं की त्या घालत नाहीत. दोन, सरपटणाऱ्यांचा डॉक्टर शोधा. कुत्र्या-मांजरांचा नेहमीचा डॉक्टर बहुतेक वेळा हात वर करतो. असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड ॲम्फिबियन व्हेटेरिनेरियन्स यांच्या साईटवर गावाप्रमाणे यादी मिळते. एक्स-रे सांगा आणि जाताना ताजी शी झिपलॉकमध्ये घेऊन जा, कॉक्सिडिया आणि पिनवर्म (आतड्यातले परजीवी) बघून घेतील. मलूल झाली, डोळे खोल गेले, मागचे पाय ओढायला लागली तर वेळ न घालवता इमर्जन्सीला न्या.

कांगारूकर
नर-मादीवरून आठवलं. यांच्यात अंडी ३२ अंशांच्या वर उबवली तर जनुकांनी नर असलेली पिल्लंही मादी होऊन बाहेर येतात आणि ती पुढे अंडीही घालतात. प्रयोगशाळेत हे आधी माहीत होतं, २०१५ मध्ये कॅनबरा विद्यापीठाच्या लोकांनी नेचर या विज्ञान नियतकालिकात छापलं की रानातही असंच होतंय. त्यामुळे बाजीरावाचं काहीही निघू शकतं, मन मोठं ठेवा 😄

पुणेरी_बाकरवडी
पुण्यात एकाकडे बघितला, मला पण हवाय. कायदा काय म्हणतो? आणि मावशी मुंबईत असते तिच्याकडे ठेवला तर चालेल का मी गावाला गेल्यावर?

रानवारा
भारतातलं कोणी सांगेल का?

पिंपळपान
मी सांगतो. २०२२ च्या वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीनंतर सायटिसच्या (वन्यप्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतला विदेशी प्राणी घरात असेल तर त्याची नोंद करावी लागते, २०२४ मध्ये त्याचे नियमही आलेत, परिवेश पोर्टलवर अर्ज करायचा. कुठला प्राणी यादीत बसतो आणि विकणाऱ्याने तो कुठून आणला हे घ्यायच्या आधी वनविभागात विचारून घ्या, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि हे नको तर आपली घोरपड पाळू असलं काही डोक्यात असेल तर ती त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, सगळ्यात कडक संरक्षणात आहे, थेट आत जाल.

दुसरं म्हणजे हा कोरड्या मुलखातला प्राणी, टाकीत ३०-४० टक्के आर्द्रता चांगली. मुंबईत जुलैमध्ये भिंतींना बुरशी येते तिथे त्याची छाती भरणार. वेळी अवेळी लाईट जाते तेव्हा काय करणार तेही ठरवा. पुण्यात सरड्याचा एक्स-रे काढून तो वाचणारा डॉक्टर आधी गाठा, मग प्राणी. हा दहा वर्षं जगतो म्हणजे तुमचं लग्न, नोकरी, बदली सगळं बघणार.

पुणेरी_बाकरवडी
लग्नापर्यंत तरी जगेल का तेच बघतोय. ओके, आधी डॉक्टर शोधतो.

वरणभात
अपडेट!! तुम्ही म्हणालात तसा डबा केला, होम इंप्रूव्हमेंटच्या दुकानातून खेळायची वाळू आणली, नवरा बर्फात गाडीतून पोतं ओढत होता आणि शेजारचे विचारत होते ड्राईव्हवेसाठी का. डॉक्टर तासाभराच्या अंतरावर मिळाले. एक्स-रेमध्ये अंडीच अंडी, पोटात द्राक्षाचा घड ठेवल्यासारखी. हाडांची छाया थोडी फिकी आहे म्हणाले पण वाकलेलं काही नाही, कॅल्शियमचं पातळ औषध दिलं आणि यूव्हीबीची नळी लगेच बदला म्हणाले, त्यांनी पण टी५ च सांगितली. शीमध्ये पिनवर्म निघाले थोडे, त्याचं औषध नंतर.

घरी आल्यावर डब्यात ठेवली, चादर टाकली आणि लेकीला शपथ घातली की डोकवायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नुसतं शेपटीचं टोक वर, बाकी सगळी वाळूत. बाहेर आली ती पोट खपाटीला गेलेली, तोंडाला माती लागलेली, आणि मग वळून नाकाने आणि पुढच्या पायांनी तो खड्डा इतका नीट थापून बंद केला की कुठे होता ते कळू नये. सासूबाई हे सगळं चादरीच्या फटीतून बघत होत्या (शपथ त्यांना घातली नव्हती). त्या गेल्या आणि भोपळा किसायला घेतला. 

२३ अंडी निघाली. वजन ३४० वर आलंय. आता काय खायला घालू? आणि अंड्यांचं काय करू, लेक उबवायची म्हणतेय.

रानवारा
वा वा, अभिनंदन बाळंतिणीचं! नर नव्हता तर उबवून काही निघणार नाही, काढून टाका.

आता भरपूर पाणी, आणि पुढचे दोन-तीन आठवडे किडे नेहमीपेक्षा जास्त. एरवी मोठ्या ड्रॅगनचं पाऊण पोट पानांनी भरावं आणि किडे आठवड्यातून दोन-तीनदा. पिल्लांचं याच्या उलट. बाळंतपण झालं की मात्र भरून काढायला प्रोटीन हवं. डुबिया झुरळं, क्रिकेट (नाकतोड्यासारखे रातकिडे), ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या चालतील, या अळ्यांमध्ये मुळातच कॅल्शियम चांगलं असतं. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. किड्यांनाही आदल्या दिवशी चांगलं खायला घाला, उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. मग कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून द्यायचे. मेणकिडे तिला फार आवडतील पण ते म्हणजे बर्फी.

पण महिनाभरात अंग भरलं की किडे परत कमी करा. सतत खाऊन गुबगुबीत झालेल्या माद्या पुन्हा पुन्हा अंड्यांवर येतात. याच मोसमात महिन्या दीड महिन्याने दुसरी खेपही होऊ शकते, तेव्हा तो डबा मोडू नका.

लीड्सचा_बंड्या
मी ब्रुमेशन म्हणून झोपवत होतो आणि इथे बाळंतपण निघालं 🙏
ताई, उन्हाळ्यात एक लक्षात ठेवा. तुमच्याकडे न्यू जर्सीत जूनमध्ये अंगणात काजवे असतात ना, ते हिच्या तोंडात जाता कामा नयेत. काजव्यांमध्ये विष असतं, एखाददुसरा काजवाही ड्रॅगनला मारू शकतो. अंगणातले बाकी किडेही नकोत, फवारणी झालेली असते.

कांगारूकर
आणि ॲव्होकॅडो नाही. पालक रोज नाही, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. उचलताना वरून हात घालू नका, डोक्यावर त्यांना तिसरा डोळा असतो, चित्र दिसत नाही पण सावली कळते, आणि त्यांच्या मुलखात वरून येणारी सावली म्हणजे ससाणा. बाजूने छातीखाली हात सरकवायचा.
दुसरा आणून जोडी करू असं लेक म्हणेल तर ठाम नाही म्हणा. एकावर एक बसून ऊन खाताना गोड दिसतात पण ते प्रेम नसतं, वरचा खालच्याचं ऊन चोरत असतो.

वरणभात
हे लेकीला वाचून दाखवलं, कारण ते आधीच मागून झालंय. नाव पण ठरलं होतं.
टी५ नळी लावली, जाळीच्या खाली आतून बांधली. गनने फांदी मोजली तर आधी जेमतेम ३३ भरत होती, बल्ब बदलून ४० वर आणली. कालपासून तोंड किंचित उघडं ठेवून बसते दिव्याखाली, ते ठीक आहे का?

रानवारा
दिव्याखाली असेल तर उत्तम, अंग पुरेसं तापलं की तसंच करतात. थंड कोपऱ्यात जाऊन तोंड उघडून बसली किंवा श्वासाचा आवाज आला तर डॉक्टरांना फोन. आतून बांधलीत तर अंतर तक्त्यात परत बघा हं, जाळी मधे नसली की यूव्ही जोरात लागतो, फांदी थोडी खाली घ्यावी लागेल.

वरणभात
हो घेते. पाल्यासाठी इंडियन ग्रोसरीत काय चालेल? तिथे आठवड्याला जाणं होतंच.

पिंपळपान
मोहरीचा पाला, शेवग्याची पानं मिळाली तर थोडी, लाल भोपळा. जास्वंदीचं फूल कुठे बिनफवारणीचं मिळालं तर पोत्यावारी आणा.

रानवारा
मोहरीचा पाला चालेल, पण रोज तोच नको, कोलार्ड आणि डँडेलियनच्या पाल्याबरोबर आलटून पालटून. भोपळा कच्चाच किसून. ते सासूबाईंना जमलंयच.